बेकार भत्ता अडतो कुठे?

अमेरिकेत शुक्रवारी नोकरी गेली. सोमवारी सकाळी राज्य सरकारच्या बेकार भत्त्याचा अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी क्रमांक, कंपनीचं नाव, कामाचा शेवटचा दिवस, नोकरी जाण्याचं कारण. बटण दाबलं. आता पैसे यायला हवेत, पण येतं ते पत्र. त्यात भत्त्याची रक्कम शून्य. किंवा रक्कम ठीक आहे, पण खाली ‘चौकशी चालू’ असा शेरा. फोन लावावा तर पलीकडचं यंत्र सांगतं, आमचे सगळे कर्मचारी व्यस्त आहेत.

सरकारी कारभार आहे, चालायचंच, असं म्हणून आपण सोडून देतो. पण जरा थांबा. यातला जवळजवळ प्रत्येक अडसर कुणीतरी, कधीतरी, पुरेसा विचार करून तिथे बसवलेला आहे. एक आला घटनेच्या पेचातून, दुसरा टपालाच्या आणि कारकुनांच्या वेगातून, तिसरा सरळ मालकाच्या खिशातून. आणि गंमत म्हणजे, तो का बसवला हे कळलं की कसा सरकवायचा तेही बहुतेक वेळा कळतं.

पहिलं नवल हे, की ‘अमेरिकेचा बेकार भत्ता’ अशी एक गोष्टच नाही. भत्ते आहेत ५३. पन्नास राज्यांचे पन्नास, शिवाय वॉशिंग्टन डी. सी., पोर्तो रिको आणि व्हर्जिन आयलंड्स. प्रत्येकाचा कायदा वेगळा, दर वेगळे, संगणक वेगळे. बहुतेक राज्यांत भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो. फ्लोरिडात बेकारीचं प्रमाण कमी असलं की १२ आठवड्यांतच आटोपतो. एका देशात हा ५३ चुलींचा संसार कशासाठी?

त्यासाठी १९३०च्या दशकात जावं लागतं. महामंदीत लाखो माणसं रस्त्यावर होती. बेकार विमा हवा हे पुष्कळांना पटलं होतं, पण तो आणायचा कुणी? एखाद्या राज्याने आपल्या कारखानदारांवर कर बसवला तर कारखाने उठून शेजारच्या राज्यात जाणार. केंद्राने देशभर योजना आणली तर सर्वोच्च न्यायालय ती घटनाबाह्य ठरवून मोडीत काढणार अशी धास्ती. विस्कॉन्सिनने तेवढं धाडस केलं आणि १९३२ मध्ये देशातला पहिला कायदा केला. त्या कामात पॉल राउशेनबुश आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ ब्रँडाइस, दोघंही अर्थशास्त्राची माणसं, पुढे होती. बाकीची राज्यं नुसती बघत बसली.

१९३३च्या नाताळाच्या सुमाराला हे जोडपं वॉशिंग्टनला एलिझाबेथच्या वडिलांकडे गेलं. वडील म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस. त्यांनी मुलीला आणि जावयाला एका जुन्या निकालाची आठवण करून दिली. फ्लोरिडाने वारसा कर ठेवलाच नव्हता. श्रीमंतांनी उतारवयात तिथे येऊन राहावं, हा हिशेब. केंद्राने मग असा कायदा केला की वारसा कर आम्ही वसूल करू, पण ज्यांनी तो राज्याला भरला असेल त्यांना आमच्या करात ८० टक्क्यांपर्यंत सूट. फ्लोरिडाचा डाव उलटला. फ्लोरिडा कोर्टात गेलं आणि १९२७ मध्ये हरलं. मग हीच युक्ती बेकार विम्यासाठी का नको?

किती साधी आणि किती बिलंदर कल्पना आहे बघा! आपल्याकडच्या सोसायटीने ठरवावं की प्रत्येक विंगने वर्षाला सहा हजार भरायचे, मात्र ज्या विंगने स्वतःची पाण्याची टाकी बांधली तिला ५४०० माफ. टाकी बांधायची सक्ती कुणावरच नाही. तरी टाकी न बांधणारी विंग सापडेल का? आजचा अमेरिकी कायदा बरोबर याच आकड्यांवर चालतो. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षातल्या पहिल्या ७००० डॉलर पगारावर मालकाला ६ टक्के केंद्रीय कर आहे, आणि राज्याचा बेकार विमा केंद्राच्या अटींत बसत असेल तर त्यातले ५.४ टक्के माफ. उरतात ०.६ टक्के, म्हणजे माणशी ४२ डॉलर. १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात ही युक्ती आली आणि दोन वर्षांत झाडून सगळ्या राज्यांनी आपापले कायदे केले. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरली. त्या पाचांत ब्रँडाइस होते! (आज असं घडलं असतं तर केवढा गहजब झाला असता.)

देशातला पहिला चेक विस्कॉन्सिनने ऑगस्ट १९३६ मध्ये काढला, १५ डॉलरचा. तो ज्याला मिळाला त्याने वटवलाच नाही. राउशेनबुश यांनी तो इतिहासाचा ऐवज म्हणून २५ डॉलरला विकत घेतला.

या वंशावळीतून एक व्यवहारातली गोष्ट निघते. भत्ता राज्याचा आहे, आणि राज्य म्हणजे तुम्ही राहता ते नव्हे, काम करता ते. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहून रोज मॅनहॅटनला जाणाऱ्या मराठी माणसाला घर न्यू जर्सीत आहे म्हणून तिथे अर्ज करावासा वाटतो. पण कर गेलेला असतो न्यू यॉर्कला. अर्जही तिथेच. चुकीच्या राज्यात भरलेल्या अर्जाचं उत्तर ‘तुमचा पगार सापडत नाही’ असं येतं, आणि ते खरंच असतं.

आता ‘शून्य’ लिहिलेल्या पत्राकडे वळू. माझ्या मते सगळ्या यंत्रणेतला हा सर्वांत विलक्षण पुर्जा. वर्षभर राबलेल्या माणसाचा पगार सरकारला दिसत कसा नाही?

भत्ता किती हे ठरवायला सरकार मागचा पगार बघतं, पण कालचा नाही. नियम असा: पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच तिमाह्या घ्या आणि त्यांतल्या पहिल्या चार मोजा. समजा, तुम्ही जून २०२५ मध्ये अर्ज केलात. एप्रिल ते जून ही तिमाही अजून चालू आहे, ती बाद. त्याआधीच्या पाच म्हणजे जानेवारी २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत. त्यांतल्या पहिल्या चार म्हणजे नुसतं २०२४ साल. जानेवारी २०२५ पासून तुम्ही जे काही कमावलंत ते या हिशेबात नाहीच. जानेवारीतच पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या माणसाने जूनमध्ये अर्ज केला तर त्याची कमाई शून्य. पत्र खोटं बोलत नाही, ते फक्त जुन्या काळात बघत असतं.

हा उशीर आला कुठून? मालक पगाराचे तक्ते तिमाही संपल्यावर पाठवतो, साधारण महिनाभरात. पूर्वी ते कागदावर यायचे, कारकून ते कार्डांवर चढवायचे. ताज्या तिमाहीची नोंद हाताशी असेलच याची खात्री नव्हती, म्हणून एक तिमाही मागे राहून हिशेब करायचा. तक्ते आज क्षणात येऊन पडतात, पण मूळ नियमातली ती मोकळी तिमाही आहे तिथेच आहे.

यावर उतारा आहे. बहुतेक राज्यांत पहिला हिशेब कमी पडला तर शेवटच्या चार पूर्ण तिमाह्या धरून दुसरा हिशेब करता येतो. कुठे तो आपोआप होतो, कुठे मागावा लागतो. आणि तारखेची करामत बघा: तोच माणूस ३० जूनऐवजी काही दिवस थांबून जुलैत अर्ज करतो, तेव्हा सगळी खिडकी एक तिमाही पुढे सरकते. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. जानेवारी ते मार्चची कमाई आता हिशेबात येते. अर्थात प्रत्येकाने थांबावं असं नाही. गेलेले आठवडे सहसा परत मिळत नाहीत. आधी कागदावर दोन्ही बेरजा मांडून बघायच्या.

एवढं करूनही पगार सापडला नाही तर संशय मालकाच्या तक्त्यावर घ्यावा. सोशल सिक्युरिटी क्रमांकातला एक आकडा चुकलेला असू शकतो. किंवा कंपनीने तुम्हाला कर्मचारी न दाखवता कंत्राटदार दाखवून वर्षाच्या शेवटी कंत्राटदारांचा १०९९ फॉर्म हातात ठेवलेला असतो, म्हणजे तुमच्या नावाने विम्याचा कर भरलेलाच नसतो. तुमचा दर्जा ठरवण्याचा अधिकार मात्र कंपनीला नाही. तो राज्याचा आहे. वेळ कोण ठरवत होतं, हुकूम कोण सोडत होतं, हत्यारं कुणाची होती, अशा गोष्टी राज्य तपासतं. त्यासाठी पे-स्टब, डब्ल्यू-२, बँकेचे उतारे, साहेबाचे ईमेल, सगळं जपून ठेवलेलं बरं. याच वळणावर आपल्या नावांचीही एक खास अडचण उभी राहते. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टावर पहिल्या नावाला चिकटलेलं, सोशल सिक्युरिटी कार्डावर मधल्या रकान्यात, कंपनीच्या खात्यात मुळीच नाही. संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी माणसं होऊ शकतात, आणि अर्ज ओळख पटवण्याच्या रांगेत जाऊन बसतो.

रक्कम दाखवणारं पत्र आलं म्हणजे भत्ता मंजूर झाला, हा समज फार पसरलेला आहे. ते पत्र इतकंच सांगतं की पात्र ठरलात तर एवढे मिळतील. पात्रतेचा निवाडा वेगळा, आणि त्या निवाड्यात तुमचा जुना मालक एक पक्षकार असतो.

तो कशाला मध्ये पडेल? कारण बिल त्याच्या नावावर फाटतं. अमेरिकी योजनेत मालकाच्या कराचा दर त्याच्या इतिहासावर ठरतो: त्याने काढलेल्या माणसांनी जितका भत्ता उचलला तितका दर चढतो. हेतू असा की लोकांना उगाच काढणाऱ्याला झळ बसावी. अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं कर्मचाऱ्याच्या पगारातूनही थोडी रक्कम कापतात. बाकी सगळीकडे भार मालकावर. पण हेतूची दुसरी बाजूही आहे. माणूस काढताना विचार कर असं सांगणारा नियम, माणूस काढून झाल्यावर त्याच्या अर्जाला विरोध कर असंही सांगतो. मोठ्या कंपन्या तर हे काम त्यातच मुरलेल्या बाहेरच्या संस्थांकडे सोपवतात.

म्हणून कारणाच्या रकान्यातले दोन-चार शब्द मोलाचे ठरतात. काम नव्हतं म्हणून काढलं, तर सहसा प्रश्न येत नाही. स्वतःहून सोडली असेल तर सबळ कारण तुम्ही दाखवायचं. गैरवर्तनासाठी काढलं असेल तर ते मालकाने शाबीत करायचं. आणि गैरवर्तन कशाला म्हणायचं? याचं उत्तर १९४१ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका टॅक्सी ड्रायव्हरच्या खटल्यात दिलं आणि पुढे कितीतरी राज्यांनी ते उचललं. मालकाचं हित जाणूनबुजून धाब्यावर बसवणं म्हणजे गैरवर्तन. काम नीट न जमणं, हातून चूक होणं, अंदाज चुकणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. त्यामुळे ‘टार्गेट पूर्ण केलं नाही’ म्हणून काढलेल्या माणसाला भत्ता मिळू शकतो. हे ठाऊक नसल्यामुळे किती जण अर्जच करत नसतील!

यानंतरचा अडसर दर आठवड्याला येतो, काही राज्यांत पंधरा दिवसांनी. काम करण्याच्या स्थितीत होतात का? काम शोधलंत का? कुठलं काम नाकारलंत का? किती कमावलंत? एक आठवडा विसरलात की त्या आठवड्याचे पैसे गेले. (महाराष्ट्राच्या १९७७च्या रोजगार हमी कायद्याने हाच गाडा उलट्या बाजूने जुंपला होता: मजुराने काम मागायचं, सरकारने १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. काम शोधायचं ओझं सरकारच्या डोक्यावर.) कमाईच्या प्रश्नाला तर भलेभले चुकतात. अधूनमधून केलेल्या कामाचे पैसे ज्या आठवड्यात हातात आले त्या आठवड्यात लिहिले जातात. विचारलेलं असतं ते, काम कधी केलं. आणि तेही कर कापण्याआधीची रक्कम. दोन आठवड्यांची ही गफलत पुढे ‘जादा दिलेले पैसे परत करा’ अशी नोटीस बनून येते.

त्याच प्रश्नांतला पहिला प्रश्न एच-१बी व्हिसावरच्या माणसाची वाट अडवतो. त्याच्या पगारावर कंपनीने कर भरलेला असतो, पण नोकरीबरोबर त्याची काम करण्याची परवानगीही जाते. ६० दिवसांची सवलत मिळते ती देशात राहण्याची, वाटेल तिथे काम करण्याची नव्हे. मग कायद्याच्या भाषेत तो कामाला उपलब्ध नसतो, आणि बहुतेकदा भत्ताही मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्याला किंवा खुला कामपरवाना असलेल्याला ही अडचण येत नाही. त्यांच्यातले काही जण पुढे इमिग्रेशनला अडेल या भीतीने अर्ज करत नाहीत. पण हा विमा आहे. सरकारवर भार टाकणारा माणूस ठरवताना तो मोजत नाहीत.

या सगळ्या नियमांचा हिशेब करणारे संगणक हा स्वतंत्र चमत्कार आहे. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० संपता संपता एका आठवड्यात साठ लाखांच्या घरात नवे अर्ज आले. साथीआधीचा उच्चांक होता ऑक्टोबर १९८२चा, ६,९५,०००. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना जाहीरपणे सांगावं लागलं की कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत. कोबोल ही भाषा १९५९ची! केंद्राने तेव्हा भत्ता घेणाऱ्या प्रत्येकाला आठवड्याला सरसकट ६०० डॉलर जादा दिले. पगाराच्या टक्केवारीने का नाही दिले? कारण तेवढं गणित राज्यांच्या जुन्या यंत्रांना वेळेत शिकवणं शक्य नव्हतं. देशाचं धोरण यंत्राच्या वयाने ठरवलं.

मग नवं यंत्र आणलं की भागलं? मिशिगनने २०१३ मध्ये ते आणलं, खोटे दावे आपोआप पकडणारं. त्याने काय केलं ते हिशेब मांडून बघण्यासारखं आहे. मालकाचा तक्ता तिमाहीचा, भत्ता आठवड्याचा. समजा, एकाने जानेवारीत चार आठवडे काम करून ५२०० डॉलर कमावले, मग नोकरी गेली आणि त्याने भत्ता घेतला. यंत्राने ५२०० ला तिमाहीच्या १३ आठवड्यांनी भागलं. दर आठवड्याला ४०० डॉलर. म्हणजे हा माणूस भत्ता घेत असताना चोरून कमावत होता! खुलासा मागणारी प्रश्नावली गेली ती कित्येकदा लोक उघडतही नव्हते अशा जुन्या ऑनलाइन खात्यात. दहा दिवसांत उत्तर आलं नाही की लबाडी सिद्ध. दंड चौपट, वर व्याज, पगारातून कपात, कराचा परतावा जप्त. माणसाचा हात न लागता यंत्राने दिलेले निकाल राज्याने नंतर तपासले, तेव्हा ९३ टक्के चुकीचे निघाले. जवळपास ४०,००० माणसं यात भरडली गेली, आणि २०२२ मध्ये राज्याने २ कोटी डॉलरची तडजोड केली. थक्क करणारी गोष्ट ही, की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेही वर्षाची कमाई पंधरवड्यांवर सारखी वाटली आणि तसाच घोळ घातला. सरासरी काढणं किती निरुपद्रवी वाटतं, नाही?

अशा अडकलेल्या माणसांना आधार आहे तो १९३५च्याच कायद्याचा. त्यात एक ओळ आहे: ज्याला भत्ता नाकारला त्याला निःपक्ष मंडळापुढे न्याय्य सुनावणीची संधी मिळाली पाहिजे. दुसऱ्या एका ओळीत म्हटलंय की पैसे देय होतील तेव्हा द्यायचे. या दुसऱ्या ओळीवर १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातून सर्वोच्च न्यायालयात खटला गेला. तिथे एकदा भत्ता मंजूर झाला तरी मालकाने अपील केलं की पैसे थांबायचे. न्यायालयाने एकमताने सांगितलं, थांबवता येणार नाहीत. बेकार माणसाला पैसे लागतात ते बेकार असताना.

अपिलाची मुदत मात्र निष्ठुर आहे. काही राज्यांत दहाच दिवस, काहींत तीस, आणि मोजणी सहसा पत्र हातात पडल्यापासून नाही, पत्रावरच्या तारखेपासून. अर्ज मोठा लागत नाही. ‘हा निर्णय मला मान्य नाही, सुनावणी हवी’ एवढं सही करून मुदतीत पोचलं तरी बहुधा चालतं. फोन लागत नसेल तर तुमच्या मतदारसंघातल्या राज्य आमदाराच्या कार्यालयात जावं. अडकलेल्या फायली पुढे ढकलणं हे तिथल्या माणसांचं रोजचं काम आहे.

सुनावणी बहुतेकदा फोनवरच होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माणूस शपथ घेतो, साक्ष देतो, जुन्या साहेबाची उलटतपासणी घेतो. पलीकडे न्यायाधीश असतो, कोर्ट रेकॉर्ड करत असतं, आणि प्रकरण पहिल्यापासून नव्याने ऐकलं जातं. कंपनीने एचआरच्या कुणाला तरी कागद वाचायला बसवलं, तर विचारायचा प्रश्न एकच: हे तुम्ही स्वतः पाहिलंत का? ज्या साहेबाने काढलं तो हजरच नसेल तर नुसत्या कागदाचं वजन बरंच उतरतं. वकील असलाच पाहिजे असं नाही.

निकाल यायला आठवडे जातात, कधी महिने. या काळात बरेच जण दर आठवड्याचे ते प्रश्न भरायचं सोडून देतात. भत्ता नाकारलाच आहे, मग भरायचं कशाला? पण अपील जिंकल्यावर मागचे पैसे मिळतात ते सहसा भरलेल्या आठवड्यांचेच.